सुमनला मी चष्म्याच्या दुकानात नेलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे उभी राहिले की हटकून दुसरंच काहीतरी बोलते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही अनोळखी आहात म्हणून असेल. किंवा तुम्ही मध्येच माझा हात धरून "अहो, जाऊ द्या, होतं असं माणसाच्या हातून" म्हणू शकणार नाही, म्हणून असेल. ते वाक्य मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी चौतीस वर्षं प्रुफं तपासली. नारायण पेठेत आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर एक छापखाना होता, तिथे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात लाल शाईनं खुणा करायच्या, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. भले भले लेखक मला टरकून असत. एक प्राध्यापक एकदा कौतुकानं म्हणाले, "बाई, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही हो." मी म्हणाले, "तुमच्या नजरेतून सुटतं, म्हणून माझी चूल पेटते." असा माझा स्वभाव — फटकळ, आणि खरं सांगायचं तर शिष्ट. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे माझी उगाच कणव यायला नको. आज त्रेसष्ट वर्षांची आहे, पण जिभेला काही वय चढलेलं नाही.

मला एकच धाकटी बहीण आहे, सुमन. माझ्याहून सात वर्षांनी लहान. विश्रांतवाडीला राहते. ही गोष्ट तिच्या डोळ्यांची आहे — म्हणजे आता जे उरलेत त्यांची, आणि जे गेले त्यांचीही.

कुठून सुरू करू? अण्णांपासून करते.

अण्णा म्हणजे आमचे वडील. पोस्टात होते. निवृत्त व्हायच्या आधीच ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले, ताटाबाहेर हात जायला लागला. मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्षापूर्वी झालं होतं, ते चांगलं झालं होतं, तरी दिसणं कमीच होत चाललेलं. माझं लग्न झालं होतं, पण माहेर दोन गल्ल्या पलीकडे. म्हणून डॉक्टरकडे त्यांना मीच घेऊन गेले. तपासून झाल्यावर अण्णा बाहेर बाकावर डोळे मिटून बसले होते आणि डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. काचबिंदू, म्हणाले. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालसुद्धा होत नाही. आधी कडेकडेचं दिसणं जातं आणि माणसाला पत्ताच लागत नाही, कारण नाकासमोरचं दिसत असतं. गेलेलं परत आणता येत नाही, असलेलं तेवढं औषधानं राखता येतं. अण्णांचं राखण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही भावंडं किती? दोघी बहिणी, मी सांगितलं. ते म्हणाले, "मग चाळिशीनंतर दोघींनी दरवर्षी डोळ्यांचा दाब तपासून घ्यायचा. रक्ताच्या नात्यात उतरतो हा."

हे वाक्य त्या खोलीत मी एकटीनं ऐकलं. हे लक्षात असू द्या.

घरी येऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. सुमनचं तेव्हा बघत होते, एक स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा होतं. आईनं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला — मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, असं सांगायचं. मोतीबिंदू सगळ्यांच्याच घरी असतो, त्याला कोण घाबरतंय? आणि सुमनला तर चुकूनही सांगायचं नाही, तिच्या पोटात तीळ भिजत नाही. "पोरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत या घरात 'उतरतो' हा शब्द काढलास तर बघ," असं आई म्हणाली. मग आम्ही ज्याला त्याला तेच सांगितलं. त्या बिचाऱ्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला आमच्या सगळ्या गोतावळ्यानं वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. त्याची काही एक चूक नव्हती.

सुमनचं लग्न झालं. अण्णा पुढची नऊ वर्षं अंधारात काढून गेले, त्यांच्यामागून आई गेली. "बिघडलेलं ऑपरेशन" मात्र घरात तसंच राहिलं. सुमनला ते वेदवाक्य होतं.

पण हा माझा कबुलीजबाब नाही. सत्ताविसाव्या वर्षी आईचं ऐकलं — ऐकतातच की पोरी. एवढंच असतं तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता?

मी चव्वेचाळीस वर्षांची झाले आणि डॉक्टरांचं ते वाक्य मला झोपू देईना. डोळ्यांवर माझी रोजीरोटी. एके दिवशी मधल्या सुट्टीत, कुणाला न सांगता, सदाशिव पेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे एक कागद भरायला दिला. त्यावर प्रश्न होता — घरात कुणाला काचबिंदू आहे का? मी पेन घेऊन बरीच मिनिटं बसले. मग लिहिलं, "वडील". आमच्या घरात हा आजार पहिल्यांदा कागदावर आला, तो माझ्या अक्षरात.

तपासणी झाली. डोळ्यांत थेंब, मग दाब मोजणं, मग ती एक परीक्षा — एक डोळा झाकून यंत्रात हनुवटी टेकवायची, समोर बारीक दिवे कुठेही लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मला एवढी धास्ती की न दिसताही मी बटण दाबत सुटले. तिथली बाई म्हणाली, "मॅडम, दिसलं तरच दाबा हो. मशीनला कळतं खोटं." पुन्हा पहिल्यापासून बसवलं मला. निकाल आला. काचबिंदू होता, अगदी सुरुवातीचा. रोज एक थेंब, आयुष्यभर. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, नशीबवान आहात. आणि हेही म्हणाले की बहीण आहे ना, तिला पाठवून द्या.

पाठवते म्हणाले मी.

घरी यांना सांगितलं की डोळे कोरडे पडतात, त्याचं औषध आहे. यांनी पेपरमधून मान वर न काढता "बरं" म्हटलं. बाटली फ्रीजच्या दारात उभी राहिली. माझे डोळे त्या थेंबानं राखले. आजतागायत राखले आहेत — मी अजून सुईत दोरा ओवते.

सुमन तेव्हा सदतीस वर्षांची होती. त्या संध्याकाळी फोन उचलून तिला सांगायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं? मी स्वतःला सांगितलं, डॉक्टर चाळिशीनंतर म्हणाले होते, अजून तीन वर्षं आहेत. मग ती चाळीस वर्षांची झाली. वाढदिवसाला मी तिला मोरपंखी साडी दिली. जेवण झालं, गप्पा झाल्या, मी परत आले आणि थेंब घातला.

का नाही सांगितलं? तेव्हाचं कारण मला पाठ आहे. माझी मुलगी लग्नाची होत होती. सुमनला सांगितलं की ते विश्रांतवाडीपासून वाघोलीपर्यंत सगळ्या नातेवाइकांत होणार — ताईला काचबिंदू, अण्णांनाही तोच होता, घराण्यातच आहे. आई गेली होती, पण तिचं ते वाक्य माझ्या तोंडात येऊन बसलं होतं. मी वर्षानुवर्षं आईला नावं ठेवली आणि वेळ आल्यावर तिच्याच पावलावर पाऊल टाकलं. मुलीचं लग्न झालं, चांगलं झालं. मी त्रेपन्न वर्षांची होते. आता तर कुठलंच कारण उरलं नव्हतं ना? उरलं होतं. आता सांगितलं तर सुमन विचारणार — ताई, तुला कधीपासून माहीत होतं? या एका प्रश्नाला मी भ्यायले. दरवर्षी तो प्रश्न एका वर्षानं मोठा होत गेला आणि मी दरवर्षी जास्त भ्यायले.

आणि सुमनला तोवर सुरू झालं होतं. हे मला दिसत होतं — जगात फक्त मलाच दिसत होतं, कारण काय बघायचं ते मलाच माहीत होतं.

ती लहानपणापासून धांदरट. सांडणं, लवंडणं, विसरणं. त्यामुळे कपाच्या बाहेर चहा ओतला गेला की घरात हशा व्हायचा. टेबलाच्या कोपऱ्याला मांडी आपटली की तिचा नवरा, विलासराव, म्हणायचे, "टेबल नवीन आहे, तिची ओळख व्हायचीय." सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती स्वतः. आणि मी? मी हसत हसत तिच्याकडे बघायचे. एका दिवाळीत तर मी तिची परीक्षा घेतली. फराळाला बसलो होतो. चटणीची वाटी मी मुद्दाम तिच्या ताटाच्या डाव्या अंगाला, जरा खाली सरकवून ठेवली. ती मान वळवून शोधायला लागली. "ताई, चटणी दे ना." वाटी तिच्या कोपरापासून वीतभर होती. परीक्षेचा निकाल मला कळला. आणि तोंडातून काय निघालं? "आंधळी का गं तू? पुढ्यात तर आहे." सगळे हसले. तीही हसली. मी लाडू उचलला आणि खाल्ला.

अजून मी सांगितलेलं नाही. तुम्हाला वाटलं असेल हेच ते. याहून पुढे आहे.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी सुमनचा फोन आला. तिला सत्तेचाळिसावं चालू होतं. आवाज नेहमीचा खिदळणारा नव्हता. म्हणाली, "ताई, मला डोळ्यांचं काहीतरी वाटतंय गं. जिना उतरताना पायरी चुकते. परवा गाडीवर होते, डावीकडून रिक्षा आली ती एकदम अंगावरच. कुणी चांगला डॉक्टर आहे का तुझ्या माहितीत?"

तिनं विचारलं. स्वतः होऊन विचारलं. मला तिला काही समजवायचं नव्हतं, काही उघड करायचं नव्हतं, फक्त एका दवाखान्याचा पत्ता द्यायचा होता. माझा दवाखाना माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. दर सहा महिन्यांनी मी तिथे जात होते.

आणि मी काय बघितलं डोळ्यांसमोर? तिच्याबरोबर दारातून आत जाते आहे, आणि काउंटरवरची मुलगी म्हणते आहे, "या मावशी, या वेळी लवकर आलात?" माझी फाईल निघते. त्या फाईलमध्ये माझ्या अक्षरातलं "वडील". मी दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे पाठवू शकले असते हो! पुण्यात काय डोळ्यांचे डॉक्टर कमी आहेत? पण कुठलाही डॉक्टर तोच प्रश्न विचारणार होता, आणि तिला काचबिंदू निघाला की अण्णांचं निघणार, आणि मग माझं. मी सगळं पुढपर्यंत बघून घेतलं. पुढचं बघायची माझी सवयच.

मी म्हणाले, "डॉक्टर कशाला लगेच? चाळिशी लागली, नंबर वाढला असेल. लक्ष्मी रोडला ये, चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर तपासून देतात. मी आहे बरोबर."

ती आली. गाडीवर आली, विश्रांतवाडीहून, एवढ्या रहदारीतून. दुकानदार पन्नाशीचा, बोलायला गोड माणूस. त्यानं तिला यंत्रापुढे बसवलं, मग अक्षरांची पाटी वाचायला लावली. सुमननं शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवली, खणखणीत आवाजात, शाळेत पहिली आल्यासारखी. माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, आंधळी म्हणतेस मला." समोरचं सगळं दिसत होतं तिला. ते शेवटपर्यंत दिसतं, हे मला माहीत होतं. नंबर थोडासा बदलला होता. त्या भल्या माणसानं फ्रेम काढता काढता सांगितलं, "ताई, तुम्ही पायरी चुकते म्हणालात ना, मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आम्ही फक्त नंबर काढतो, आतलं आम्हाला कळत नाही."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी जे म्हणेन ते ती करणार होती, लहानपणापासून तेच करत आलेली.

आणि मी हसून दुकानदाराला म्हणाले, "अहो, सगळ्यांना डॉक्टरकडे धाडलंत तर फ्रेमा कोण घेणार?"

तो हसला. सुमनही हसली. विषय संपला.

झालं. हे ते वाक्य. आयुष्यात मी शेकडो टोमणे मारले असतील, लोकांनी ते एकमेकांना सांगितले असतील. हा एवढाच कुणाला सांगितलेला नाही. सुमननं जांभळट रंगाची फ्रेम घेतली, मीच तिला पसंत करून दिली. मग आम्ही बटाटेवडा खाल्ला. ती खूश होती — काही विशेष नाही निघालं म्हणून, आणि ताईनं अर्धा दिवस आपल्यासाठी काढला म्हणून.

त्यानंतर पाच वर्षं गेली. पाच वर्षं, म्हणजे माझे पाच वर्षांचे थेंब. मला चैन होती असं समजू नका. तिचा फोन वाजला की आधी खुर्चीत बसून घ्यायचे, मग "बोल". विलासरावांचा नंबर दिसला तर दोन वेळा वाजू द्यायचे, उचलायचं धैर्य व्हायचं नाही. ती घरी आली की मी जिन्यात दिवा लावून ठेवायचे, पायपुसणं उचलून ठेवायचे, स्टूल आत सरकवायचे. यांना वाटायचं मी बहिणीच्या येण्याचं केवढं करते! एवढं सगळं केलं. सांगितलं नाही.

मग विश्रांतवाडीच्या चौकात ते झालं. ती गाडीवर होती आणि डावीकडून एक म्हातारे गृहस्थ सायकलवर येत होते. तिला ते दिसलेच नाहीत. दोघंही पडले. तिचं मनगट मोडलं, त्यांच्या गुडघ्याला टाके पडले. ते आजोबा पुनःपुन्हा म्हणत होते, "बाई, मी घंटी वाजवत होतो, तुम्ही बघितलं कसं नाही?" माझ्या मनात आजही येतं, त्यांच्या जागी एखादं लेकरू असतं तर? हाडाच्या डॉक्टरांनीच शंका घेऊन तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. प्लास्टर घातलेला हात घेऊन ती गेली, सोबत मी.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तपासायला दीड तास लागला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवा अर्ध्याच्या आसपास. मग तिनं विचारलं, घरात कुणाला काचबिंदू होता का? सुमन म्हणाली, "नाही हो. अण्णांना मोतीबिंदू होता, ऑपरेशन बिघडलं त्यांचं." डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मोठ्या ना? तुम्हाला काही आठवतं?"

मी "नाही" म्हणाले.

त्या क्षणी खरं बोलले असते तर सुमनचा गेलेला डोळा परत आला नसता. म्हणजे खोटं बोलूनही माझ्याशिवाय कुणाचा फायदा नव्हता. तरी बोलले. डॉक्टर हळहळून म्हणाली की चार-पाच वर्षं आधी आला असता तर पुष्कळ राहिलं असतं. त्यावर सुमन घाईघाईनं म्हणाली, "दाखवलं होतं की मी! ताईनं नेलं होतं मला चष्म्याच्या दुकानात." आपण हयगय केली नाही, हे तिला डॉक्टरला पटवून द्यायचं होतं. साक्षीदार म्हणून तिनं माझ्याकडे बोट केलं. डॉक्टर एवढंच म्हणाली, "नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नाही, काकू." आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही लगेच तपासून घ्या. सख्ख्या बहिणीला धोका असतो."

यानंतरचं सांगायला सर्वांत जास्त लाज वाटते.

सुमननं स्वतःच्या डोळ्यांचं दुःख करायचं सोडून माझ्या डोळ्यांचा धोशा लावला. रोज फोन. "ताई, गेलीस का? ताई, आजच्या आज जा. तुला माझी शपथ आहे." आठ दिवस मी टाळलं. नवव्या दिवशी म्हणाले, जाऊन आले, मलाही आहे, पण अगदी सुरुवातीचं, थेंब सुरू केलेत. पलीकडे ती रडायला लागली. मला वाटलं घाबरली. ती आनंदानं रडत होती. विलासरावांना ओरडून सांगत होती, "अहो, ताईचं वेळेत सापडलं!" घरात यांनाही तेच सांगितलं. कोरड्या डोळ्यांची बाटली फ्रीजमध्ये तीच राहिली, तिचं नाव तेवढं बदललं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. सुमनची गाडी विकली. दिवेलागणीनंतर ती एकटी बाहेर पडत नाही, रस्ता ओलांडताना माझा दंड धरते. उजव्या डोळ्याचं उरलंय ते औषधावर टिकून आहे. किती दिवस, ते कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. ती मात्र रडत बसलेली नाही. तिला एक वेड लागलंय. भाजीवाली असो, रिक्षावाला असो, ती विचारते, "चाळिशी झाली का? डोळ्यांचा दाब तपासला का? नुसता चष्म्याचा नंबर नाही हां, दाब!" सोसायटीतले लोक तिला बघून जिना बदलतात. पण तिच्या बडबडीमुळे चार-पाच जण खरंच तपासून आले, आणि त्यांतल्या एका शिक्षिकेला वेळेत औषध सुरू झालं.

यंदाच्या संक्रांतीत तिच्या सोसायटीतल्या बायकांनी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून सुमननं प्लॅस्टिकचे डबे वाटायला साफ नकार दिला. जवळच्या दवाखान्यात बोलून तिनं तपासणीच्या चिठ्ठ्या तयार करून घेतल्या आणि तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवली. मग माईक घेतला. मला वाटलं होतं दोन वाक्यं बोलेल. ती दहा मिनिटं बोलली, आणि छान बोलली. स्वतःच्या धांदरटपणाचे किस्से सांगून बायकांना हसवलं. जांभळ्या फ्रेमचा किस्साही सांगितला. "मी आणि ताई बटाटेवडा खाऊन घरी आलो, आणि डोळा आत मरत होता," म्हणाली.

मग ती म्हणाली, "पण माझ्यामुळे माझ्या ताईचे डोळे वाचले. माझं निघालं म्हणून तिनं तपासलं. ताई, कुठे आहेस? उभी राहा ना." ती मला शोधायला लागली. मी तिच्या डाव्या हाताला, तिसऱ्या खुर्चीवर होते. ती समोर बघत होती, मग उजवीकडे, चेहराभर हसू. बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. शेजारचीनं मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले.

टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजल्या. टाळ्यांच्या दिशेनं सुमनला माझा अंदाज आला, तिनं मान पूर्ण वळवली आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.

सगळं आटपल्यावर तिला तिच्या मजल्यावर सोडायला गेले. ती माझा दंड धरून चालत होती. दाराशी थांबली आणि म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला आता तेवढं वाईट वाटत नाही. माझे गेले, पण त्यामुळे तुझे सापडले. नाहीतर तुलाही कळलं नसतं गं. हो ना?"

माझ्या डोळ्यांत औषध पडायला लागून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. मी "हो" म्हणाले.